दुजोरा एकटाच

अहो, शिट्ट्या कसल्या मारताय! तीन झाल्या, आता गॅस बंद करा! येतोय तो, येतोय, बूट घालतोय... एकेका बुटाला चौदा भोकं, दोन्ही मिळून अठ्ठावीस, आणि नाडी लाल लावायची की पांढरी यावर आत अजून चर्चा चाललीय! साडेसहाचा कार्यक्रम, पावणेसात झाले, आणि तोवर तुम्ही खुर्च्या मोडू नयेत म्हणून पुढे ढकललंय कुणाला? मला! मी कोण? मी गाद्या विकतो. कापसाच्या, काथ्याच्या, फोमच्या. कुणाची कंबर कुठे दुखते ते मला त्याच्या चालण्यावरून कळतं, पण गाण्यातलं म्हणाल तर ओ की ठो कळत नाही. बाहेर त्या मोठ्या बोर्डावर काळा चष्मा लावून जो उभा आहे ना, खाली 'दुजोरा' लिहिलंय, तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. नातं म्हणाल तर एवढंच. त्याने रॅप करावं, तुम्ही नाचावं, साउंडवाल्याने सगळ्यांच्या कानठळ्या बसवाव्यात... आता मला सांगा, यात माझा काय संबंध?

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या चौकडीमुळे. कुठली चौकडी ते तुम्हाला ठाऊक आहे, नाव मी घेत नाही, घेतलं की आमच्या हिला ठसका लागतो. चौघं जण. तोफ, वस्तरा, भूकंप... आणि चौथा आमचा, दुजोरा! नावं बघा की हो! पहिली तीन ऐकली तर माणूस दाराला कडी लावून घेईल, आणि चौथं ऐकलं की वाटतं हा कोर्टात साक्ष द्यायला आलाय! पण कामच त्याचं ते होतं. तोफ पुढे उभा राहून ओळ फेकणार, आणि ओळीचा शेवटचा शब्द आला की आमच्याने मागून तो ठासून म्हणायचा. तोफ म्हणणार, 'वादळ चिरत आलो मी, हातात माझ्या मशाल!' की मागून हा, 'मशाल!' 'छाती माझी पहाडाची, काळीज माझं विशाल!' 'विशाल!' झालं, संपलं काम. अकरा वर्षं! अकरा वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या वाक्याला कुलूप लावत हिंडला. देश पालथे घातले, स्टेडियमं भरली, आणि याच्या वाट्याला ओळीमागे शब्द एक!

आणि सासूबाई? त्यांना कौतुक! गाणं लागलं की हातातलं काम ठेवून बसायच्या, डोळे मिटून, आणि सगळी ओळ जाईपर्यंत अशा वैतागलेल्या, म्हणजे पाहुणे लवकर उठत नाहीत तेव्हा दिसतात ना तशा, आणि शेवटचा शब्द आला की चेहरा फुलायचा. 'ऐकलंत जावईबापू? आला माझा!' मी म्हणायचो, सासूबाई, एकच तर शब्द! तर म्हणायच्या, 'असू द्या. सुरू काय, कुणीही करतं. शेवटाला नेणारा लागतो.'  

पण सवय वाईट हो. अकरा वर्षांनी काय झालं, तर या माणसाला वाक्य सुरूच करता येईना! घरीसुद्धा तेच. ही म्हणायची, 'आज मीठ जरा जास्त पडलं', हा, 'पडलं!' मी म्हणायचो, 'पाऊस येईल असं वाटत नाही', हा, 'नाही!' आपण होऊन एक वाक्य नाही. तहान लागली तरी माठाकडे बघत उभा राहायचा, कुणीतरी 'पाणी हवंय का?' असं म्हणेपर्यंत. फ्रिज घ्यायला गेला, विक्रेता म्हणाला, 'साहेब, मग हा करू पॅक?' हा, 'पॅक!' तो म्हणाला, 'आणि तो शेजारचा?' हा, 'शेजारचा!' दोन फ्रिज आले घरी! दोन! सासूबाई एकात दूध ठेवतात आणि दुसऱ्यात इस्त्री करायच्या आधी कपडे ठेवतात, म्हणे सुरकुत्या लवकर जातात. पण आपल्याला काय, घर त्यांचं, फ्रिज त्यांचे. माझा काय संबंध?

मग ती मुलाखत झाली. टीव्हीवर. चौघं सोफ्यावर, हा कडेला अर्ध्या मांडीवर. मुलाखत घेणाऱ्या बाई तोफेला विचारतायत, वस्तऱ्याला विचारतायत, आणि शेवटी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, बाई याच्याकडे वळल्या. 'आणि तुम्हाला काय वाटतं?' अहो, आम्ही घरी श्वास रोखला! सासूबाई उठून टीव्हीपाशी गेल्या. हा पुढे सरकला, घसा खाकरला, तोंड उघडलं... आणि तोफ म्हणाला, 'त्याला ना, असं वाटतं, की आम्ही चौघं म्हणजे एक कुटुंब.' आणि आमचा? 'कुटुंब!' सगळ्यांदेखत! बाई हसल्या, तोफेने याच्या पाठीवर थाप मारली, जाहिराती लागल्या. सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि आत गेल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी दुकानात कापसाचा हिशेब बघतोय, तर हा दारात. खांद्याला पिशवी, हातात माइक, डोळे सुजलेले. मी म्हटलं, 'काय रे, भांडलास की काय? चौकडी सोडली?' हा, 'सोडली!' मी म्हटलं, 'कायमची?' 'कायमची!' 'म्हणजे आता काय, तू एकटा गाणार?' 'गाणार!' बघा! आयुष्यातला एवढा मोठा निर्णय, आणि पठ्ठ्याने तो सांगितला माझ्याच शब्दांत! उद्या कुणी विचारलं तर वाटायचं मीच याला फूस लावली. मी काही म्हणायच्या आत आमची ही आतून बाहेर. 'माझा भाऊ आहे तो, मागची खोली त्याला द्या.' अगं, मागच्या खोलीत गाद्या आहेत! 'म्हणूनच! गाद्यांच्या खोलीत आवाज घुमत नाही, साउंडवाले काका म्हणत होते.' म्हणजे यांचं माझ्यामागे ठरलेलंसुद्धा होतं! चाळीस गाद्या भिंतीला उभ्या लावल्या, मध्ये हा, त्याच्यासमोर माइक. माझ्या गोदामाचा स्टुडिओ झाला आणि मला दार वाजवून आत जावं लागायला लागलं. गाद्या माझ्या, खोली माझी, भाडं माझं... आता तुम्हीच सांगा!

आणि धंद्याचं काय झालं? ऐका तर. एक जोडपं आलं. मी आपला नेहमीसारखा सुरू, 'ताई, ही काथ्याची घ्या, वर कापसाचा थर, दहा वर्षं हलणार नाही, डोळे झाकून घ्या, टिकते!' तर मागच्या खोलीतून, गाद्यांच्या थप्पीआडून, घुमता आवाज... 'टिकते!' नवरा दचकला. बाई म्हणाल्या, 'कोण बोललं?' मी म्हटलं, 'आमचा माणूस आहे, अनुभवाने सांगतोय.' घेतली की हो गादी! दोन मिनिटांत! दुसरं गिऱ्हाईक, 'पाठ दुखणार नाही ना?' मी, 'छे, नाही!' मागून, 'नाही!' घेतली! तिसऱ्या आठवड्यात एक आजोबा आले, म्हणाले, 'ती बोलणारी गादी कुठली हो? ती दाखवा.' तुम्हाला सांगतो, इतकी विक्री माझ्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. मला म्हणाल तर हा तिथे जन्मभर राहिला असता तरी चाललं असतं. माणूस स्वार्थी असतो, मी काही वेगळा नाही.

पण एके दिवशी तो चहाला गेला असताना मी त्याची वही उघडली. नाही, उघडायला नको होती, मला कळतं, पण ती माझ्या गादीवर पडली होती! पानं भरलेली होती. कशी भरलेली? उजवी बाजू भरलेली, डावी कोरी! उजव्या कडेला एकाखाली एक शब्द... आभाळ, सांभाळ, रानोमाळ... आणि त्यांच्या डावीकडे नुसत्या मोकळ्या रेघा. पानामागून पान तसंच. साठ पानांची वही, आणि एका ओळीलाही सुरुवात नाही! मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.  म्हणजे हा रोज त्या गाद्यांमध्ये जाऊन बसत होता आणि डावीकडून कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होता.

मग सगळे उपाय केले, कारण साउंडवाल्या काकांनी याच्या नावावर तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह आधीच घेऊन ठेवलं होतं. हिने त्याला आरशासमोर उभं केलं, 'बोल स्वतःशी!' तर हा आरशातला काय बोलतोय त्याची वाट बघत उभा, आणि आरशातला याची! पाऊण तास! मी त्याला म्हटलं, माझ्यासारखा गाद्यांचा भाव सांगायला शीक, गिऱ्हाइकाला पुढे होऊन बोल. गिऱ्हाईक आलं, हा पुढे झाला, दोघंही एकमेकांकडे बघत हसत उभे, शेवटी गिऱ्हाईकच 'येतो' म्हणून गेलं. हा? 'येतो!' आणि चक्क त्याच्यामागून चालायला लागला! मी कोपऱ्यावरून परत आणला. साउंडवाले काका मात्र शांत. ते आधी चौकडीचा साउंड बघायचे आणि याच्याबरोबर बाहेर पडले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'भावजी, तुम्हाला एक सांगू? तोफेची ओळ केवढी लांब असते बघितलीत? मग तो श्वास कधी घेतो?' मी म्हटलं, मला काय माहीत! म्हणाले, 'शेवटच्या शब्दाला. तो नुसतं तोंड हलवतो आणि हवा भरून घेतो. शब्द म्हणतो हा, एकटा. अकरा वर्षं प्रत्येक ओळीचा शेवट ह्याच्या एकट्याच्या आवाजात आहे. लोकांना वाटतं दोघं म्हणतात.'  म्हणजे सासूबाईंना कान होते, आम्हाला नव्हते.

आणि लगेच प्रत्ययही आला. चौकडीने याच्या जागी नवा माणूस घेतला. पहिल्याच कार्यक्रमात तोफ म्हणाला, 'हातात माझ्या...' आणि श्वास घ्यायला थांबला, तर नवा माणूस मागून ठासून, 'मसाला!' हातात माझ्या मसाला! तीस हजार लोक! दुसऱ्या ओळीला नवा गडी उशिरा, तिसरीला लवकर, पाचव्या ओळीला तोफेला अशी धाप लागली की म्हणे स्टेजवर गुडघ्यांवर हात टेकून उभा. लोकांना वाटलं नाचाचा नवा प्रकार आहे, सगळे तसेच वाकले. हसू नका, खरं सांगतोय.

चौथ्या दिवशी तोफ माझ्या दुकानात! स्वतः! गळ्यात साखळी एवढी जाड की शटरला लावता आली असती. आला तो थेट नमुन्याच्या स्प्रिंगच्या गादीवर बसला आणि आत गेला, गुडघे कानाला. तिथूनच म्हणतोय, 'दुजोरा, परत ये. आता ओळीमागे दोन शब्द देतो.' दोन! बढती! मी मेव्हण्याकडे बघितलं.  तोफ म्हणाला, 'अरे तुला एकट्याला एक ओळ तरी म्हणता येते का?' हा म्हणाला, 'का?' प्रश्नच केला की नाही! तोफ चिडला, त्याला वाटलं हा उलट बोलतोय. 'ठीक आहे! ते तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह घेतलंयस ना तू? मी पहिल्या रांगेत बसतो. एक ओळ, फक्त एक, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तुझी स्वतःची म्हणून दाखव. म्हटलीस तर सगळ्यांदेखत तुझ्या मागे उभा राहून मी दुजोरा देईन. नाही म्हटलीस तर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत. कबूल?' आणि आमच्या गाढवाने काय म्हणावं? 'कबूल!' अहो, त्याच्या तोंडून दुसरं निघणार काय होतं! तोफेला बाहेर यायला मीच हात दिला, तर जाताना मला म्हणतो, 'तुम्हीच भडकवलंय याला.' मी! आता मला सांगा, माझा काय संबंध?

कार्यक्रमाच्या दिवशी तीनशेच्या तीनशे खुर्च्या भरल्या. बाहेर पाटी, 'दुजोरा एकटाच'. निम्मे लोक ऐकायला आले होते आणि निम्मे फजिती बघायला, आणि खरं सांगू, दोन्ही निम्म्यांचे चेहरे सारखेच दिसत होते. पहिल्या रांगेत तोफ, दुसऱ्या रांगेत सासूबाई, आणि मी पाण्याची बाटली घेऊन पडद्याआड. संगीत सुरू झालं. ढम ढम चक, ढम ढम चक. हा माइकसमोर. एक फेरी गेली, दुसरी गेली. तोंड उघडतोय, मिटतोय. तिसरी गेली, चौथी गेली. हाताची बोटं पांढरी पडलेली, आणि डोळे... तुम्हाला सांगतो, मी त्याला लहानपणापासून बघतोय, माझ्या लग्नात तो माझ्या बुटांवर बसून झोपला होता एवढासा, ते डोळे मला बघवेनात. मागून कुणीतरी हसलं. एक हसलं की दहा हसतात. मी मनात म्हटलं, गेला, उद्या परत त्या सोफ्याच्या कडेला, अर्ध्या मांडीवर.

आणि सासूबाई दुसऱ्या रांगेतून उठल्या, पदर खोचला आणि अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, 'अहो जावईबापू, बघत काय बसलात, माझ्या पोराला पाणी द्या!' आणि माइकवरून, सवयीने, 'द्या!' अहो, नाट्यगृह कोसळलं हसून! तोफ टाणकन उभा राहिला, लोकांकडे वळला. 'बघितलंत? अकरा वर्षं हेच! दुसऱ्याच्या तोंडचा शब्द! याच्याजवळ स्वतःचं काही म्हणजे काही नाही!' आणि हा, 'नाही!' परत हशा. लोक मांड्यांवर हात मारून हसतायत, आणि मी बघतोय तर हा हसत नाहीये, रडतही नाहीये. त्याने तोच शब्द परत म्हटला. हळू. 'नाही...' जसा काही चव घेऊन बघतोय. आणि खालून ढम ढम चक आलं, आणि हा म्हणाला...

'नाही म्हणायला अकरा वर्षं तोंड माझं उघडलंच नाही,
तुझी ओळ मी उचलली, माझी कुणी उचललीच नाही!
तू दम खायचास ज्या शब्दावर, तो शब्द माझा होता,
टाळ्या तुझ्या नावावर, पण श्वास माझा होता!'

झाली ना ओळ! अहो, एक कुठली, चार झाल्या! पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत! कळलं तुम्हाला काय झालं? शेवटचा शब्द उचलायची तीच सवय, तीच, पण याने तो शेवटी ठेवण्याऐवजी पुढे ठेवला! दुसऱ्याचं जिथे संपतं तिथे याचं सुरू! वहीतली उजवी बाजू डावीकडे आली! मी पाण्याची बाटली घेऊन तिथेच उभा, आणि डोळ्यांतून घळाघळा, लाजायचं काय त्यात, रडलो मी. तोफ ओरडला, 'ए, बस कर!' हा, 'कर!'

'कर म्हणालास तेव्हा केलं, थांब म्हणालास थांबलो,
तुझ्या एकेका ओळीमागे शेपटासारखा लांबलो!'

तोफ आणखी लाल. 'बंद करा रे त्याचा माइक!' हा, 'माइक!'

'माइक तुझ्या हातात होता, वायर माझ्या गळ्यात,
चौघांत असून अकरा वर्षं ना मळ्यात ना तळ्यात!'

मग काय विचारता! लोकांनाच चेव आला. बाल्कनीतून कुणी ओरडतंय, 'अरे वा, शाब्बास!' की हा 'शाब्बास' घेऊन पळाला. कुणी म्हणतंय, 'आईला विसरू नको!' की हा 'नको' घेऊन पळाला, आणि त्या 'नको'वर आईवर अशी सोळा ओळींची फैर झाडली की सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईंच्या गळ्यात पडल्या. दीड तास! अकरा वर्षांचं तुंबलेलं! आणि शेवटी तोफ, हे मात्र मानलं पाहिजे, शब्दाला जागला. वर आला, याच्या मागे उभा राहिला. याने ओळ म्हटली, 'घर माझं छोटं पण दार माझं उघडं', आणि तोफेने दुजोरा दिला. कधी? सगळं शांत झाल्यावर! 'उघ... उघडं?' लोक पोट धरून हसले. पाच वेळा केलं, पाचही वेळा उशीर. घाम फुटला बिचाऱ्याला. खाली उतरताना याचा हात धरून म्हणाला, 'अरे, हे अवघड आहे रे.' आणि हा म्हणाला, 'रे!' मग दोघंही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते 'नाही म्हणायला' गाणं जे सुटलं ते सुटलंच. न्हाव्याकडे, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे. आमच्या दाताच्या डॉक्टरीणबाई तर दात उपटताना म्हणतात!

इथपर्यंत सगळं छान. मी म्हटलं, चला, सुटलो, गाद्या परत आडव्या लावू. तर दुसरा कार्यक्रम, दुसरं शहर, दोन हजार लोक. सगळे याचे भक्त झालेले! हा माइकसमोर आला आणि दोन हजार माणसं आदराने चिडीचूप! कुणी हसेना, कुणी ओरडेना, कुणी खोकेना. मग हा सुरू कुठून करणार? पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं... शेवटी माझा तोल सुटला, पडद्याआडून ओरडलो, 'अरे, चपलाही हरवल्या माझ्या इथे, शोधायच्या कुठे?' आणि हा, 'कुठे!' सुटला की! ते तुमची पोरं दिवसभर म्हणतात ना, 'कुठे कुठे कुठे गेलं सांग', त्यात तुम्हाला वाटतं हरवलेलं प्रेम आहे, पेपरवाल्यांनी लिहिलं हरवलेली पिढी आहे... माझ्या चपला आहेत त्या! आणि अजून सापडलेल्या नाहीत!

तेव्हापासून घरात ठरलं. याला सुरू व्हायला कुणाचा तरी शेवट लागतो, म्हणून दर कार्यक्रमाआधी एका माणसाने तुमच्यासमोर उभं राहून बोलत सुटायचं, आणि तो दमला की त्याचा शेवटचा शब्द घेऊन हा येणार. कोण बोलणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी? माझा काय संबंध? तर आमची ही म्हणते, 'एवीतेवी तुम्ही बोलतच असता, निदान कुणाच्या उपयोगी पडू द्या!' सत्तावीस कार्यक्रम झाले हो! दुकानाला आठवड्यातून चार दिवस कुलूप. मग मी म्हटलं, ठीक आहे, बोलायचंच आहे तर शेवटचा शब्द मी निवडणार, आणि तो असणार 'गादी'! म्हणजे दीड तास हा गादीवर बोलेल, दोन हजार लोक गादी गादी करत घरी जातील, धंद्यालाही तेवढंच बरं! पण तुम्हाला सांगतो, सत्तावीस वेळा ठरवलं आणि सत्तावीस वेळा तिथे पोचायच्या आत मला दम लागला. एकदा 'उकडतंय' म्हणालो, दीड तास उकाडा. एकदा जांभई आली, तर त्याने जांभईवरसुद्धा केलं.

आज मात्र दुपारी झोप काढून आलोय. आज थांबणार नाही, श्वास घेणार नाही, आणि तो बघा, तो आलाय पडद्यापाशी, नाडी लालच बांधली वाटतं, येऊ दे, मी बधणार नाही, तर मंडळी, कान देऊन ऐका, घरातल्या थोरामोठ्यांची पाठ असो की नव्या जोडप्याचा संसार असो, उन्हाळा असो की हिवाळा असो, चार बोटं काथ्या, दोन बोटं कापूस, टाका हाताचा, कापड जाड, ना खड्डा पडणार ना गोळा होणार, ज्याने एकदा पाठ टेकली तो म्हणालाच पाहिजे की आयुष्यात घ्यावी तर फक्त आमच्याच दुकानातली गा...

'अहो, आवरा आता!'

...ही बायको. पडद्याआडून. ऐकलंत ना? आणि तो बघा, 'आता!' म्हणत निघालासुद्धा. वाजवा टाळ्या, वाजवा! आज 'गा'पर्यंत आलो होतो हो... 'दी' तेवढी राहिली.